रोज लागणारे कोडचे तुकडे: कोडसोबत त्याच्या अटीही जपूया

अक्कलकोट रोड

नमस्कार मंडळी. या फोरमवर आपण आपापल्या भागाच्या नावानेच लिहितो. सोलापुरात बसून छोट्या-मध्यम धंद्यांसाठी सॉफ्टवेअर लिहिणारे आपण बरेच जण आहोत. कोणी टॉवेल-चादरीच्या कारखान्याचा स्टॉक बघतो, कोणी सूत व्यापाऱ्यांचं बिलिंग, कोणी पतसंस्था, कोणी दवाखाने. भाषा प्रत्येकाची वेगळी. जुनं व्हीबी (व्हिज्युअल बेसिक) अजून कित्येक पेढ्यांवर चालू आहे, शिवाय पीएचपी, पायथन, जावा, जावास्क्रिप्ट. आत डोकावलं तर काम मात्र तेच ते: आर्थिक वर्ष काढा, बिलाला नंबर द्या, कर काढून पैसे राउंड करा, रक्कम अक्षरी लिहा, गिऱ्हाइकाचं नाव शोधून द्या.

हे तुकडे प्रत्येकाकडे असतातच. जुन्या प्रोजेक्टच्या फोल्डरात, पेनड्राइव्हवर, व्हॉट्सॲपच्या एखाद्या ग्रुपमध्ये. कोड मिळत नाही अशी कोणाचीच तक्रार नाही. पण तो एका हातातून दुसऱ्या हातात जातो तेव्हा त्याच्या अटी मागेच राहतात. ज्यानं लिहिला त्याला पक्कं ठाऊक होतं की इथे रक्कम कधी ऋण येत नाही, घड्याळ भारताचं आहे, बिलं एकाच संगणकावर होतात. ज्यानं उचलला त्याला यातलं काहीच माहीत नसतं. सुताच्या कोनवर काउंट (सुताची जाडी) लिहिलेला नसेल तर आपल्याकडे कोणी माल उचलत नाही. कोड मात्र आपण बिनदिक्कत उचलतो.

म्हणून विनंती अशी की इथे तुकडा देताना तो काय करतो एवढ्यावर थांबू नका. कुठे चालणार नाही तेही लिहा आणि दोन-चार उदाहरणं उत्तरांसकट द्या. कोड शक्यतो मराठीतच मांडा, म्हणजे व्हीबीवाल्यालाही कळेल आणि पायथनवाल्यालाही. आपापल्या भाषेत उतरवणं फार अवघड नाही.

सुरुवात आर्थिक वर्षापासून करतो.

वर्ष = तारखेतलं वर्ष
जर महिना ४ पेक्षा कमी असेल तर वर्ष = वर्ष − १
उत्तर = वर्ष, मग आडवी रेघ, मग (वर्ष + १) चे शेवटचे दोन अंक

३१ मार्च २०२५ दिली तर २०२४-२५ यायला हवं. १ एप्रिल २०२५ ला २०२५-२६. आणि १५ जानेवारी २००० ला १९९९-००. हे शेवटचं उदाहरण मुद्दाम दिलंय, कारण शंभरने भागून बाकी घेतली की ० येतो, ०० येत नाही. पुढे शून्य लावायचं राहिलं तर १९९९-० छापून येतं. २००१ ते २००९ या वर्षांनाही तोच धोका, आणि जुना डेटा नव्या सॉफ्टवेअरमध्ये घेताना ती वर्षं येतातच.

अट: तारीख भारतीय वेळेतली हवी. क्लाउडवरचे बहुतेक सर्व्हर यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळेवर) चालतात, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. १ एप्रिलला पहाटे साडेपाचच्या आत केलेलं बिल सर्व्हरच्या लेखी ३१ मार्चचं असतं आणि गेल्या वर्षात जाऊन बसतं. मार्चअखेरीला रात्रभर स्टॉकमोजणी चालते, एंट्र्या पहाटेपर्यंत होतात, त्यामुळे ही वेळ दरवर्षी गाठली जाते. डेटाबेसमध्ये वेळ यूटीसीतच ठेवा, पण आर्थिक वर्ष काढण्याआधी ती आशिया/कोलकाता झोनमध्ये बदलून घ्या. नुसते साडेपाच तास मिळवूनही भागतं, पण झोनचं नाव दिलं की वाचणाऱ्याला कारण कळतं.

विजापूर वेस

फार गरजेचा विषय काढलात. मी राउंडिंगवर लिहितो, कारण व्हीबीतून पीएचपीत नेलेलं बिलिंग जिथे जिथे पाहिलं तिथे हा फरक निघालाच.

पैसे दशांशात ठेवू नका, पूर्णांक पैशांत ठेवा, हे सगळ्यांनी ऐकलेलं असतं. ०.१ आणि ०.२ यांची बेरीज जावास्क्रिप्टमध्ये किंवा पायथनमध्ये ०.३०००००००००००००००४ अशी दिसते, कारण द्विमान पद्धतीत ०.१ नेमका मांडताच येत नाही. तो भाषेचा दोष नव्हे. आयईईई ७५४ हे दशांश संख्या साठवण्याचं मानक पाळणाऱ्या प्रत्येक भाषेत हेच होणार.

पण पैसे पूर्णांकात घेतले तरी अर्ध्या पैशाचं काय करायचं हा प्रश्न उरतोच. व्हीबीचं राउंड, सी शार्पचं मॅथ.राउंड आणि पायथन ३ चं राउंड, तिघंही अर्धा आला की जवळच्या सम संख्येकडे जातात. २.५ चे २, ३.५ चे ४. पीएचपी आणि एक्सेलचं राउंड २.५ चे ३ करतात. नाव एकच, वागणं वेगळं.

आता १०१ रुपयांचा माल घ्या, दर ५ टक्के. राज्यातलं गिऱ्हाईक असेल तर अडीच टक्के सीजीएसटी (केंद्राचा), अडीच टक्के एसजीएसटी (राज्याचा). १०,१०० पैशांचे अडीच टक्के २५२.५ पैसे. पीएचपी म्हणेल २५३, दोन्ही मिळून ५ रुपये ६ पैसे. व्हीबी म्हणेल २५२, दोन्ही मिळून ५ रुपये ४ पैसे. आणि हाच माल विजयपूरला किंवा हैदराबादला गेला तर आयजीएसटी (परराज्यातल्या विक्रीचा एकच कर) सरळ ५ रुपये ५ पैसे. एका मालाची तीन उत्तरं! सीए दोन पैशांवरून भांडणार नाही, पण जुन्या आणि नव्या सॉफ्टवेअरच्या महिन्याच्या बेरजा जुळवायला बसलेला दिवाणजी दोन दिवस शोधत राहतो.

मी भाषेच्या राउंडवर अवलंबूनच राहत नाही:

कर = (पैसे × दर + ५००) ÷ १०००, फक्त पूर्ण भागाकार घ्यायचा

इथे दर अडीच टक्क्यांसाठी २५ लिहायचा, म्हणजे टक्क्याची दहापट. १०,१०० आणि २५ दिले की २५३ आला पाहिजे, भाषा कुठलीही असो. १०,००० दिले की २५०. अट: रक्कम शून्य किंवा त्याहून जास्त.

सात रस्ता

सर, मी इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. दोन शंका आहेत. रक्कम शून्याच्या खाली गेली तर नेमकं काय बिघडतं? आणि दुसरं, हे सगळं आता एआयला विचारलं की मिनिटात मिळतं. लायब्ररीही आहेत. मग हाताने जमवून ठेवण्याचा उपयोग काय?

विजापूर वेस

पहिल्याचं उत्तर मी देतो. माल परत आला की क्रेडिट नोट होते, रक्कम ऋण. −१०,१०० चं गणित मांडून बघा: −२,५२,५०० मध्ये ५०० मिळवले की −२,५२,०००, भागाकार −२५२. बिलावर कर होता २५३. म्हणजे पूर्ण माल परत येऊनही खात्यावर एक पैसा बाकी दिसत राहतो, शिवाय एसजीएसटीचा वेगळा. उपाय साधा आहे: चिन्ह बाजूला काढून ठेवा, धन रकमेवर कर काढा, मग चिन्ह परत लावा. ज्याला क्रेडिट नोट करायची आहे तो अट वाचून तिथेच थांबेल आणि हा बदल करेल. अट लिहिलेली नसेल तर थांबणारच नाही.

अक्कलकोट रोड

दुसरी शंका महत्त्वाची आहे, जरा सविस्तर लिहितो.

लायब्ररी वापराव्यातच. तारखा, एन्क्रिप्शन, पासवर्ड हॅश करणं, पीडीएफ बनवणं, यातलं काहीही घरी लिहू नये. पण दुसऱ्या टोकालाही जाऊ नये. मार्च २०१६ मध्ये एनपीएम या जावास्क्रिप्ट पॅकेजांच्या साठ्यावरून लेफ्ट-पॅड नावाचं पॅकेज त्याच्या लेखकाने काढून घेतलं. काम एवढंच की मजकुराच्या डावीकडे हवी तितकी अक्षरं भरायची. ११ ओळींचा कोड. त्याच्यावर अप्रत्यक्षपणे बाबेलसारखी मोठी साधनं उभी होती, आणि जगभरातले बिल्ड (कोडपासून चालता प्रोग्राम बनवणं) थांबले. शेवटी एनपीएमला ते पॅकेज परत आणावं लागलं. अकरा ओळींसाठी बाहेरच्या कोणावर तरी कायमचं अवलंबून राहायचं का, हा विचार त्यानंतर सगळ्यांनीच केला.

आता उलट बाजू. स्टॅक ओव्हरफ्लो या प्रोग्रामरांच्या प्रश्नोत्तरांच्या साइटवर २०१० मध्ये जावाचा एक छोटा तुकडा आला. बाइटची संख्या दिली की माणसाला वाचता येईल असं केबी, एमबी करून देणारा. पुढे एका अभ्यासात दिसलं की तिथून गिटहबवर (लोक आपला कोड ठेवतात ती साइट) सर्वांत जास्त नकलला गेलेला जावाचा तुकडा हाच. आणि त्यात बग होता: ९,९९,९९९ बाइट दिले की १.० एमबी ऐवजी १०००.० केबी यायचं. मूळ लेखकाने २०१९ मध्ये स्वतः सगळं उलगडून सांगितलं आणि उत्तर दुरुस्त केलं. पण तोवर हजारो ठिकाणी गेलेल्या नकला कोण दुरुस्त करणार? उचलणाऱ्यांनी सीमेवरचं एखादं उदाहरण चालवून पाहिलं असतं तर तिथेच कळलं असतं.

बायनरी सर्चचंही (क्रमाने लावलेली यादी दर वेळी अर्धी करत शोधणं) तसंच. जावाच्या स्वतःच्या लायब्ररीत मधला बिंदू काढायला (खालचा + वरचा) ÷ २ असं होतं. दोन्ही आकडे मोठे झाले की बेरीज ३२ बिटांत मावत नाही आणि ऋण होते. हा बग सुमारे नऊ वर्षं तसाच राहिला आणि २००६ मध्ये जाहीर झाला. खालचा + (वरचा − खालचा) ÷ २ लिहिलं की प्रश्न मिटतो. एवढ्या नामांकित लोकांनी तपासलेल्या कोडमध्येही 'बेरीज मावेल' ही न लिहिलेली अट होतीच.

एआय तुम्हाला कोड देईल, बहुतेकदा चांगला देईल. पण तुमच्या गिऱ्हाइकाकडे एका वेळी दोन काउंटरवर बिलं होतात, हे त्याला तुम्ही सांगितल्याशिवाय कळणार नाही. आणि सांगायचं असतं हे तरी तुम्हाला आधी माहीत हवं. इथे जमवायचं आहे ते हे ज्ञान. कोड त्याच्यासोबत येईलच.

कुंभार वेस

दोन काउंटरचा विषय निघालाच आहे तर बिल नंबर.

जीएसटीच्या नियमांप्रमाणे बिलाचा नंबर ओळीने हवा, आर्थिक वर्षात पुन्हा यायला नको आणि १६ अक्षरांपेक्षा लांब नको. बहुतेक ठिकाणी जो तुकडा सापडतो तो असा: बिलांच्या टेबलातला सर्वांत मोठा नंबर घ्या, त्यात एक मिळवा. एका संगणकावर वर्षानुवर्षं नीट चालतो. दिवाळीच्या गर्दीत दुसरा काउंटर लावला की दोघंही एकाच क्षणी ४१२ वाचतात आणि दोघंही ४१३ छापतात.

मग लोक डेटाबेसचं ऑटो-इन्क्रिमेंट, म्हणजे आपोआप वाढणारा नंबर, वापरतात. त्यात नंबर दोनदा येत नाही, पण बिल मध्येच रद्द झालं की नंबर वाया जातो. मायएसक्यूएल असो वा पोस्टग्रेस, ट्रान्झॅक्शन (एकत्रच पक्क्या किंवा रद्द होणाऱ्या कामांचा गट) मागे घेतलं तरी घेतलेला नंबर परत येत नाही. ओळीत भोक पडलं की ऑडिटच्या वेळी प्रश्न येतो.

मी वेगळं टेबल ठेवतो, त्यात आर्थिक वर्ष आणि शेवटचा नंबर.

ट्रान्झॅक्शन सुरू
  या वर्षाच्या ओळीतला नंबर एकने वाढवा (ओळ आपोआप लॉक होते)
  वाढलेला नंबर वाचा
  बिल त्या नंबराने साठवा
ट्रान्झॅक्शन पक्कं

दुसरा काउंटर पहिल्याचं संपेपर्यंत थांबतो. बिल अडलं तर नंबरही मागे जातो. तरीही बिलांच्या टेबलात वर्ष आणि नंबर मिळून युनिक अट लावाच; कोणी मागच्या दाराने एंट्री केली तर डेटाबेसच नाही म्हणेल. आणि ट्रान्झॅक्शन उघडं असताना प्रिंट देऊ नका. प्रिंटरमधला कागद संपला तर दोन्ही काउंटर अडकून बसतात.

जुळे सोलापूर

मी मराठी मजकुराबद्दल लिहिते, कारण हे दुखणं इंग्रजीतल्या कुठल्याच तयार तुकड्यात सापडणार नाही.

'गिऱ्हाईक' हा शब्द घ्या, किंवा 'कऱ्हाड'. यातला अर्धा र दोन पद्धतींनी टाइप होतो. एका कीबोर्डवर नुक्त्याचा ऱ, मग हलंत, मग ह. दुसऱ्यावर साधा र, हलंत, मग न दिसणारं जोडचिन्ह झेडडब्ल्यूजे, मग ह. पडद्यावर दोन्ही एकसारखे. संगणकाला मात्र ते दोन वेगळे शब्द. ऑफिसात एकाने कऱ्हाडची पार्टी नोंदवली आणि गोडाऊनवर दुसऱ्याने मोबाइलवरून शोधली तर ती सापडत नाही. मग तो नवी नोंद करतो, आणि एका पार्टीची दोन खाती होतात.

'ॲक्रिलिक' मध्येही तेच. काही ठिकाणी ॲ हे एकच अक्षर येतं, जे युनिकोडमध्ये (जगातल्या सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना क्रमांक देणारं मानक) २००८ ला आलं. काही ठिकाणी अ आणि वरचा चंद्र असे दोन.

युनिकोडचं एनएफसी नॉर्मलायझेशन (एकच अक्षर वेगवेगळं लिहिलेलं असेल तर एकसारखं करणं) चालवलं की सगळं एक होईल असं वाटतं. नाही होत. र आणि सुटा नुक्ता यांचा ऱ तेवढा होतो. झेडडब्ल्यूजेवाला र आणि दोन तुकड्यांचा ॲ जसेच्या तसे राहतात. म्हणून:

मजकूर = एनएफसी(मजकूर)
'र + हलंत + झेडडब्ल्यूजे' च्या जागी 'ऱ + हलंत'
'अ + चंद्र' च्या जागी 'ॲ'
पुढची-मागची मोकळी जागा काढा, मधल्या अनेक जागांची एक करा

साठवताना हे चालवा आणि शोधतानाही. फक्त एकीकडे चालवून उपयोग नाही. अट: हे मराठीसाठी आहे. आपल्याकडे तेलुगू आणि कन्नड आडनावं भरपूर, ती देवनागरीत लिहिली असतील तर चालेल. तेलुगू लिपीतल्या मजकुराला हे नियम लागू नाहीत. आणि झेडडब्ल्यूजे सरसकट उडवू नका, इतर जोडाक्षरांत तो लेखकाने मुद्दाम दिलेला असू शकतो.

लांबीचं वेगळंच. 'सिद्धेश्वर' किती अक्षरांचा? आपण म्हणू चार. पायथन सांगेल १०, कारण हलंत आणि वेलांटीही तो मोजतो. यूटीएफ-८ या मजकूर साठवायच्या नेहमीच्या पद्धतीत ३० बाइट. आणि दिसणारी अक्षरं मोजून देणारी लायब्ररी जुनी असेल तर ६ सांगेल, कारण युनिकोड १५.१ येईपर्यंत, म्हणजे २०२३ पर्यंत, जोडाक्षर हलंतापाशी तोडायचा नियम होता. त्यामुळे 'पहिली २० अक्षरं कापा' असा तुकडा दिसला की आधी विचारा, कोणती अक्षरं? बाइटवर कापलं तर पावतीवर चौकोन किंवा प्रश्नचिन्हं येतात. हलंतावर कापलं तर नाव अर्ध्यात तुटतं. एसएमएसमध्ये तर पैशांचाच प्रश्न: इंग्रजी मेसेज १६० अक्षरांचा, मराठी ७० चा, आणि मेसेज लांबला तर प्रत्येक भाग ६७ चा. तिथे दिसणारी अक्षरं धरून चालत नाही, काना-मात्रा-हलंत सगळं मोजलं जातं.

सात रस्ता

ताई, हे कोणत्याच विषयात शिकवलं नव्हतं. मी लगेच कॉलेजच्या प्रोजेक्टमध्ये बघितलं. आमचा मोबाइल नंबर तपासणारा तुकडा '१० अंक' एवढंच बघतो. पायथनमध्ये देवनागरी अंक टाकले तरी तो पास होतोय. ब्राउझरमधला तोच तुकडा मात्र नापास करतोय. असं का?

जुळे सोलापूर

कारण पायथनचं 'अंक' म्हणजे युनिकोडमधले सगळे अंक, देवनागरी, तेलुगू, कन्नड सुद्धा. जावास्क्रिप्टचं 'अंक' म्हणजे फक्त इंग्रजी ० ते ९. जावाही मुळात तसंच वागते. पायथन 'इंट' ला देवनागरी १२ दिला तर तो बारा देतो; जावास्क्रिप्टचा 'नंबर' एनएएन, म्हणजे 'संख्या नाही', देतो. एकच रेग्युलर एक्स्प्रेशन (मजकुराचा साचा तपासणारा नमुना), दोन भाषांत दोन अर्थ. आत घेतानाच देवनागरी अंक इंग्रजी करून घे, मग तपास. नाकारू नकोस, मराठी कीबोर्डवरून टाइप करणाऱ्या माणसाने काही चुकीचं केलेलं नसतं.

विडी घरकुल

रक्कम अक्षरी करायचा माझा तुकडा देतो, पण थोडक्यात. इंग्रजीसारखं 'वीस' आणि 'पाच' जोडून पंचवीस करता येत नाही, त्यामुळे ० ते ९९ चं पूर्ण टेबलच ठेवावं लागतं. सूत्र शोधत बसू नका. कोटी, लाख, हजार, शे असे तुकडे पाडून प्रत्येकाला टेबल लावायचं. तपासायची उदाहरणं: १०० ला 'शंभर', १०१ ला 'एकशे एक', १,००,१०० ला 'एक लाख शंभर', ९९ ला 'नव्याण्णव', ० ला 'शून्य'. अट: ९९ कोटींच्या वर गेलं की कोटीचा आकडा पुन्हा याच फंक्शनला द्यावा लागतो. टेबलचं शुद्धलेखन मराठीच्या शिक्षकांकडून तपासून घेतलंय, हवं त्याने घ्या.

पुणेकर सोलापूरकर

सगळं वाचलं. उत्तम चाललंय, पण एका बाबतीत माझं मत वेगळं आहे. तुम्ही सगळे नकलून घ्या म्हणताय. दहा जणांनी नकलून घेतलं की दहा प्रती झाल्या. उद्या नियम बदलला की दहा जागी बदल. स्टॅक ओव्हरफ्लोच्या त्या तुकड्याचं उदाहरण धागाकर्त्यांनी स्वतःच दिलंय. तुकडे न ठेवता एकच पॅकेज करा, आवृत्ती द्या, टेस्ट आपोआप चालू द्या. पुण्यात आमच्या टीममध्ये शेअर्ड लायब्ररीत नसलेला असा कोड रिव्ह्यूमध्ये पासच होत नाही.

अक्कलकोट रोड

तुमच्या टीममध्ये एक भाषा, एक रिव्ह्यू, एक सर्व्हर. इथे व्हीबीपासून पायथनपर्यंत सगळं आहे, आणि कित्येक ठिकाणी इंटरनेटच नसलेला संगणक आहे. एक पॅकेज सगळ्यांना पुरणार नाही. मुद्दा मात्र मान्य. मला वाटतं, जे बदलणारच नाही ते नकलून घ्यावं: लाखाचे स्वल्पविराम, आर्थिक वर्ष, अर्धा पैसा. जे सरकारी नियमाने बदलतं ते कोडमध्ये ठेवूच नये.

कराचे दर हे त्याचं ठळक उदाहरण. २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ टक्क्यांचा बराचसा माल ५ वर आला. ज्यांनी कोडमध्ये १२ लिहून ठेवला होता त्यांना प्रत्येक गिऱ्हाइकाकडे जावं लागलं. ज्यांनी टेबलात नुसता १२ चा ५ केला त्यांची जुनी बिलं पुन्हा छापताना नव्या दराने निघाली. टेबलात मालाचा कोड, दर आणि 'या तारखेपासून' असे तीन रकाने ठेवा. बिलाच्या तारखेला किंवा त्याआधी लागू झालेला सर्वांत अलीकडचा दर घ्या. ऑगस्टच्या बिलावरचा माल ऑक्टोबरमध्ये परत आला तर क्रेडिट नोट मूळ बिलाच्या दरानेच करा. हा तुकडा कितीही नकलला तरी दर बदलल्यावर कोडला हात लावावा लागत नाही.

पुणेकर सोलापूरकर

हे पटलं. मग निदान टेस्टची उदाहरणं तरी एका ठिकाणी ठेवा. कोड प्रत्येकाच्या भाषेत, उदाहरणं सगळ्यांची एकच. साध्या सीएसव्ही फाइलमध्ये: तुकड्याचं नाव, काय दिलं, काय यायला हवं. व्हीबीतूनही वाचता येईल. रिपॉझिटरी (सगळ्यांचा सामायिक साठा) मी उघडतो.

होटगी रोड

लाइट जाण्यावर कोणी लिहिलं नाही अजून! सेटिंगची किंवा स्टॉकची फाइल साठवताना बहुतेक कोड ती फाइल उघडून वरच लिहितो. उघडताक्षणी जुना मजकूर पुसला जातो. नेमकी तेव्हा लाइट गेली तर जुनंही गेलं, नवंही आलं नाही.

त्याच फोल्डरात तात्पुरत्या नावाने नवी फाइल लिहा, डिस्कवर पक्की उतरवा, म्हणजे एफसिंक करा, आणि मग तिचं नाव बदलून जुनीच्या जागी बसवा. नाव बदलणं एकतर पूर्ण होतं किंवा होतच नाही. पायथनमध्ये त्यासाठी ओएस.रिप्लेस आहे. अट: दोन्ही फाइली एकाच ड्राइव्हवर हव्यात, नाहीतर नाव बदलणं फसतं किंवा त्याच्या जागी नक्कल होते आणि सगळा फायदा जातो. फाइल वाढत जाणारी असेल तर हे करत बसू नका, एसक्यूलाइट हा एकाच फाइलीतला डेटाबेस घ्या. फक्त त्याची फाइल नेटवर्कवरच्या शेअर्ड फोल्डरात ठेवून चार संगणकांवरून उघडू नका. तिथलं लॉकिंग भरवशाचं नसतं.

विजापूर वेस

रिपॉझिटरी होतेच आहे तर जीएसटी नंबर तपासणीही घालूया. १५ अक्षरं: पहिले दोन अंक राज्याचे, आपले २७, कर्नाटक २९, तेलंगणा ३६. पुढची दहा पॅनची, मग नोंदणीचा क्रम, मग सहसा झेड, आणि शेवटचं अक्षर तपासणीचं. ते असं निघतं:

बेरीज = ०
पहिल्या १४ अक्षरांसाठी, डावीकडून:
  किंमत = अंक असेल तर तोच; अक्षर असेल तर ए चे १० ते झेड चे ३५
  गुणाकार = किंमत × गुणक (गुणक आळीपाळीने १, २, १, २)
  बेरजेत गुणाकार ÷ ३६ चा भागाकार आणि बाकी, दोन्ही मिळवा
तपास = ३६ − (बेरीज ÷ ३६ ची बाकी); ३६ आला तर ०

एक अक्षर चुकलं तर हे हमखास पकडतं. अट: नंबर नीट टाइप झालाय एवढंच यातून कळतं. तो नंबर चालू आहे की रद्द झालाय, त्याच पार्टीचा आहे की नाही, हे पोर्टलवरच बघावं लागतं. 'व्हेरिफाइड' असा हिरवा शिक्का पडद्यावर दाखवू नका. गिऱ्हाईक त्यावर विसंबून माल पाठवतं.

कुंभार वेस

लायसन्स काय ठेवताय? स्टॅक ओव्हरफ्लोवरून उचललेलं यात घालू नका. तिथला मजकूर सीसी बाय-एसए खाली असतो, नाव द्यावं लागतं आणि पुढे त्याच अटी लागू होतात. गिऱ्हाइकाच्या बंद सॉफ्टवेअरमध्ये ते अडचणीचं होईल.

पुणेकर सोलापूरकर

एमआयटी लायसन्स (मोकळं, बंद सॉफ्टवेअरमध्येही चालणारं) ठेवतो. प्रत्येकाने स्वतः लिहिलेलंच द्यावं.

सात रस्ता

विजापूर वेस सरांचा जीएसटी नंबरचा तुकडा मी पीएचपी आणि पायथन दोन्हीत उतरवला. उत्तरं जुळतात. एक विचारायचं होतं: लहान लिपीतली इंग्रजी अक्षरं आली तर नाकारायचं की मोठी करून घ्यायची? आणि मध्ये मोकळी जागा असेल तर?

विजापूर वेस

दोन्ही आधी साफ करून घ्या: मोकळ्या जागा काढा, अक्षरं मोठी करा, मग तपासा, आणि साफ केलेलंच साठवा. व्हॉट्सॲपवरून पेस्ट केलेल्या नंबरात जागा असतातच. पण शून्य आणि ओ यांची अदलाबदल स्वतःहून दुरुस्त करू नका, तिथे माणसाला विचारा. अटींत हे लिहा आणि उदाहरणांत जागा असलेला एक, लहान अक्षरांचा एक आणि ओ-शून्य उलटलेला एक असे तीन घाला. नंबर मात्र बनवून घाला, कोणत्याही खऱ्या पार्टीचा टाकू नका.